वरचा बुश, खालचा बुश

"हातात लोण्यासारखा सरकतो, उस्ताद. मग मशीनमध्ये बसवला की का अडतो?"

त्रिशला मगदूमनं हे उभ्यानंच विचारलं. बस म्हणायची वाट तिनं पाहिली नाही.

रिक्षावाल्यानं पोत्यात गुंडाळलेलं शिवणयंत्राचं बिडाचं डोकं आत आणून बाकावर ठेवलं आणि तो निघून गेला. तिनं पोतं सोडलं. पदरानं घाम पुसला.

बाबालाल शिकलगार आपल्या लाकडी पेटीवर बसले होते. त्यांनी डोक्याकडं बघितलं. तिच्याकडं बघितलं नाही.

"कुणी बसवला?"

"मी."

"तू?"

"घरी लेथ आहे. नवऱ्याचाच. बुश मी त्यावर काढला, मीच बसवला."

इचलकरंजीत शिवणयंत्राची दांडी वाजायला लागली की माणसं बाबालाल शिकलगारांचं नाव घेत. चाळीस वर्षं घेत आली होती. सुई जिला लागते ती ही दांडी. मशीन चालू झालं की मिनिटाला तीन-चार हजार वेळा खाली-वर होते. तिला धरायला दोन बुश असतात, गनमेटलच्या दोन आखूड नळ्या. एक वर, एक खाली. बुश सैल झाला तर सुई हलते, धागा तुटतो. आवळला तर दांडी तापते आणि जागच्या जागी धरते. या सैल आणि आवळच्या मध्ये केसाच्या दहाव्या भागाएवढी जागा आहे. तिथं बाबालाल बसले होते, आणि गावात दुसरं कुणी नव्हतं.

"माप सांगू?" त्रिशला म्हणाली. "दांडीचं माप घेतलं, बुशाचं घेतलं. तीन-तीनदा. मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातला एक इकडचा तिकडं नाही. वरचाही बरोबर, खालचाही बरोबर."

"मायक्रोमीटरनं?"

"मायक्रोमीटरनं."

"मग त्यालाच विचार की, का अडतंय ते."

तिचे कान तापले. पण ती हलली नाही.

उस्ताद उठले. दांडी धरून त्यांनी खाली ओढली. दांडी अर्ध्यावर आली आणि थांबली. त्यांनी दांडीला टिचकी मारली, कान जवळ नेला.

"हातात सगळंच सरकतं," ते म्हणाले. "हातात कशाला बघतीस?"

मग ते पुन्हा पेटीवर बसले.

"कोपऱ्यावर जा. चहा घेऊन ये. किटली तिथं हाय."

ती गेली. कोपऱ्यावरच्या गाड्यावर गर्दी होती, दहा मिनिटं मोडली. परत आली तर उस्ताद तसेच पेटीवर बसलेले, हात चिंध्यांनी पुसत.

"बघ."

तिनं दांडी वर उचलली आणि सोडली. दांडी आपल्याच वजनानं खाली उतरली. घाई न करता, कुठंही न अडता, पाण्यात भांडं बुडावं तशी.

त्रिशलाला हसू फुटलं. नवरा गेल्यापासून इतकं मोकळं हसू तिला आलं नव्हतं.

"काय केलंत?"

उस्तादांनी चहा बशीत ओतला. फुंकर घातली...

"हात लागतो, पोरी," ते म्हणाले.

*

हा शब्द तिच्या घरात नवा नव्हता.

तिचा नवरा, भूपाल मगदूम, आयटीआय करून एकोणिसाव्या वर्षी बाबालालांकडं आला. अकरा वर्षं राहिला. उस्तादांचा लेथ पुसला, उस्तादांची धातू कापायची पत्ती घासली, उस्तादांच्या बायकोच्या आजारपणात दवाखान्याच्या फरशीवर झोपला. मशीन खोलणं, जुना बुश काढणं, नवा लेथवर काढून दाबून बसवणं, सगळं तो करायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, आता भूपालच उस्ताद झाला. भूपाल कान पकडायचा. उस्तादांसमोर त्यानं कधी खुर्ची घेतली नाही.

मग लग्न झालं. मूल झालं. एका बंद पडलेल्या कारखान्यातला जुना लेथ त्यानं विकत घेतला, दाराची चौकट काढून तो बाहेरच्या खोलीत आणला. उस्तादांच्या पाया पडायला गेला. उस्तादांनी डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटून दुआ दिली.

पहिलं मशीन आठ दिवसांत परत आलं. अडतंय.

दुसरं परत आलं. तिसरंही.

बुश मशीनमध्ये दाबून बसवला की तो आवळतो, त्याचं भोक बारीक होतं. हे भूपालला ठाऊक होतं. म्हणून तो भोक थोडं मोठं ठेवू लागला. मग दांडी खडखडू लागली. पुन्हा बारीक केलं. पुन्हा अडली. एका मशीनला जमलं तेच माप दुसऱ्या मशीनला जमायचं नाही. जेवायला बसलेला माणूस ताटावरून उठायचा आणि लेथपाशी जाऊन उभा राहायचा. नुसताच उभा.

दोन वर्षांत गिऱ्हाईक संपलं. लोक वाईट बोलत नव्हते. हळहळत होते. "मेहनती हाय हो. पण हात न्हाई त्याला."

यानं त्रिशलाचं काळीज जळायचं. पण त्याहून जास्त जळायचं ते भूपालचं बोलणं. तो स्वतःच म्हणायचा, "खरं हाय त्यांचं. उस्तादांच्या हातात जे हाय, ते माझ्या हातात न्हाई. अकरा वर्षं बघितलं मी."

लेथवर त्यानं ताडपत्री टाकली आणि फाउंड्रीत साचे उचलायला गेला. नऊ वर्षं उचलले. त्रेचाळिसाव्या वर्षी एका सकाळी तिथल्याच वाळूच्या ढिगाला टेकून बसला, तो उठला नाही.

त्रिशला तेव्हा कपड्यांच्या कारखान्यात मशीनवर बसायची. सोळा वर्षं बसत होती. कुठलं मशीन कशानं रडतंय हे तिला लांबून आवाजावरून कळायचं. नवऱ्याचं वर्षश्राद्ध नाही की काही नाही, त्यांच्यात, जैनांत, ते नसतंच. पण बरोबर वर्षानं तिनं लेथवरची ताडपत्री ओढून काढली. पट्टा बदलून घेतला. आयटीआयचं पुस्तक उघडलं. शाळेत गणितात तिला कुणी मागं टाकलं नव्हतं, आणि हे तर नुसतं माप होतं. मापाला हात कशाला लागतो?

असं तिला वाटत होतं.

दीड वर्षात तिचा बुश भूपालच्या बुशाइतका साफ निघू लागला. मग कारखान्याच्या मॅनेजरकडून तिनं एक खराब मशीन मागून घेतलं. बुश बसवला. दांडी अडली.

भूपालची अडायची, तशीच.

*

पहिल्या खेपेला ती आनंदानं घरी गेली होती. दुसऱ्या मशीनचे बुश काढले, बसवले, पुन्हा अडले. पुन्हा ती रिक्षा करून उस्तादांकडं आली.

"काय चुकलं?"

"बसवायची घाई केलीस. लेथवरनं उतरला की बुश गरम असतो. त्याला निवू दे. गरम माप खोटं."

"निवू दिला. रात्रभर ठेवला होता."

"तेल कुठलं घातलंस?"

"तुम्ही घालता तेच."

उस्ताद दाढी खाजवत राहिले... 

"चहा घेऊन ये."

ती गेली. या वेळी गाड्यावर गर्दी नव्हती. ती लवकर परतली, तर दुकानाचं दार आतून लोटलेलं. तिनं हाक मारली. "थांब जरा," आतून आवाज आला. ती उंबऱ्याबाहेर किटली धरून उभी राहिली. दार उघडलं, उस्ताद दम खात होते. दांडी सरकत होती.

त्या संध्याकाळी भाकरी थापता थापता तिचा हात मध्येच थांबला.

भूपालचा एक विनोद होता. लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी तिनं विचारलं होतं, अकरा वर्षांत उस्तादांकडं काय काय शिकलात? तो म्हणाला होता, "कोपऱ्यावर कुठल्या वेळंला चहा ताजा मिळतो, ते." आणि दोघं खूप हसली होती.

तव्यावरची भाकरी करपली. तिच्या लक्षातही आलं नाही.

*

तिसऱ्या खेपेला ती दुपारच्या उन्हात आली.

या वेळी तिनं काही विचारलं नाही. मशीनचं डोकं बाकावर ठेवून घेतलं, पोतं घडी करून बाजूला ठेवलं, आणि समोरच्या स्टुलावर बसली.

उस्तादांनी दांडी ओढून बघितली. अडली.

"काम साफ हाय तुझं," ते म्हणाले. "भूपालसारखंच."

"होय."

"चहा घेऊन ये."

त्रिशला हलली नाही.

उस्तादांना वाटलं तिला ऐकू गेलं नाही. "किटली तिथं हाय."

"मी चहा घेत नाही."

"मला लागतो."

"नंतर आणते."

पंखा कुरकुरत होता. बाहेर कुणीतरी हातगाडी ओढत गेलं.

"आत्ता पाहिजे मला," उस्ताद म्हणाले. आवाज चढला नव्हता. चढवायची त्यांना सवयच नव्हती. कुणी कधी वेळ आणली नव्हती.

"माहीत आहे. आत्ताच पाहिजे असतो."

उस्तादांनी पहिल्यांदा तिच्याकडं नीट बघितलं.

"असं माझ्यापुढं भूपाल कधी बोलला न्हाई."

"नाही बोलला. उठून गेला. अकरा वर्षं, रोज." तिनं स्टूल बाकाजवळ ओढून घेतलं. "मी त्यांच्याइतकी चांगली शिष्य नाही, उस्ताद. मी उठणार नाही."

"मग मशीन उचल आणि जा."

"जाते. एक सांगा, मग जाते. त्यांना नेलं तेव्हा तुम्ही आला होता. सगळ्यांच्या मागं भिंतीला धरून उभे होता. तुम्ही रडलात. मी बघितलं. माझ्या सासऱ्यांपेक्षा जास्त रडलात तुम्ही. कशाला रडलात?"

बाबालाल शिकलगार शहात्तर वर्षांचे होते. मान ताठ होती, दाढी मेंदीनं रंगवलेली होती, आणि चाळीस वर्षांत दुकानात कुणी त्यांना प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबलं नव्हतं.

ते तिच्या पायांकडं बघत राहिले. मग बाकाकडं. मग दाराकडं.

त्रिशला थांबली.

किती वेळ गेला हे तिलाही पुढं सांगता आलं नाही. उन्हाचा पट्टा दारातून आत सरकून बाकाच्या पायाला लागला, एवढं तिला आठवतं.

मग उस्ताद उठले. आणि ज्या पेटीवर ते बसले होते तिचं झाकण त्यांनी उघडलं.

आत जुनं धोतर होतं. त्याच्या खाली तेलकट कापडाची गुंडाळी. त्यांनी ती बाकावर ठेवली आणि एकेक वेढा सोडवला.

आतून निघाला तो एक रीमर. भोक साफ करून मापाला आणायचं हत्यार. कुठल्याही वर्कशॉपमध्ये मिळतं. पण हा लांब होता, हातभर. दात फक्त मध्ये, दोन बोटं रुंदीचे. पुढं गुळगुळीत दांडी, मागं गुळगुळीत दांडी.

"हे मी केलंय," उस्ताद म्हणाले. "बाजारात मिळत न्हाई."

त्रिशला ती वस्तू बघत होती. बघता बघता तिला समजू लागलं, आणि समजू नये असं वाटू लागलं.

"तेल घाल," ते म्हणाले. "न्हाई, तू घाल. तूच फिरव."

तिनं रीमर वरच्या बुशातून आत सोडला. पुढची गुळगुळीत दांडी खाली उतरली आणि खालच्या बुशात शिरली.

"आता तो दोघांत हाय. दिसतंय? खालच्यानं धरलंय, वरचा कापला जाईल. फिरव. जोर लावू नको. उलटा कधी फिरवायचा न्हाई."

तिनं फिरवलं. गनमेटलचा बारीक पिवळा भुगा तेलात उतरला.

"अजून खाली. आता वरच्यानं मागनं धरलं, दात खालच्यात गेले. फिरव."

खालच्या बुशात दात लागले तेव्हा चरचर एकाच बाजूनं आली. अर्ध्या फेऱ्यात कापत होता, अर्ध्या फेऱ्यात नुसता फिरत होता. तिच्या बोटांना ते स्पष्ट कळलं. हळूहळू चरचर सगळीकडून सारखी झाली, मग थांबली. रीमर खालून बाहेर आला.

तिनं पुसून आत बघितलं. खालच्या बुशाच्या एका अंगाला नवं चकाकतं गनमेटल उघडं पडलं होतं, नखाच्या कोरीएवढं. दुसरं अंग होतं तसंच होतं.

"तुझे दोन्ही बुश बरोबर होते," उस्ताद म्हणाले. "एकमेकाला बरोबर न्हवते. आवळला की प्रत्येक बुश आपापल्या बाजूला तोंड करतो. दोघांतनं एक सरळ रेघ कापली पाहिजे, बसवल्यावर. बसवायच्या आधी कितीबी मोज, काय उपयोग? मायक्रोमीटर एकट्याला मोजतो."

"आणि मग?"

"मग काय? एवढंच."

"एवढंच?"

"एवढंच. यापुढं काय न्हाई."

तिनं दांडी घातली. दांडी आपल्याच वजनानं उतरली. अडली नाही, पडलीही नाही.

या वेळी तिला हसू आलं नाही.

चहा आणायला लागतो त्याच्या निम्म्या वेळात झालं होतं. सांगायला तर तेवढाही लागला नसता. दोन वाक्यं. दुआ देताना डोक्यावर हात ठेवला होता, तेवढ्या वेळात सांगून झाली असती.

"त्यांचे बुश आहेत घरी," ती म्हणाली. आवाज तिचा तिला परका वाटला. "बिस्किटांच्या डब्यात. परत आलेल्या मशीनमधून काढून ठेवलेले. डबा भरलाय. फाउंड्रीतून आल्यावर ते कधीकधी डबा मांडीवर घ्यायचे, एकेक बुश दांडीवर सरकवून बघायचे. प्रत्येक सरकायचा. मला म्हणायचे, बघ, हा तर सरकतोय. मग याच्यात काय वाईट आहे?"

"मी काय सांगणार?" ती म्हणाली. "मी म्हणायचे, झोपा आता."

उस्ताद रीमर पुसत होते. पुसून झाला तरी पुसत होते.

"मला माझ्या उस्तादानं बारा वर्षं दाखवलं न्हाई," ते म्हणाले. "मरायच्या आधी सांगितलं. तेबी निम्मंच. निम्मं मी शोधलं."

"मग तुम्हाला माहीत होतं, न सांगितलं की काय होतं ते."

उस्तादांनी रीमर बाकावर ठेवला.

"नऊ वर्षं साचे उचलत होते," ती म्हणाली. "हीच गल्ली ओलांडून जायचे. तुम्हाला दिसत होते. एकदा हाक मारायची होती. भूपाल, आत ये, हे बघ. एकदाच."

"मारणार होतो."

"कधी?"

"मारणारच होतो, पोरी..."

"कधी, उस्ताद?"

शेजारच्या मशिदीतून अजान सुरू झाली. उस्तादांनी डोक्यावर टोपी ओढली, पण उठले नाहीत. जाग्यावर बसून राहिले.

अजान संपल्यावर ते बोलू लागले. तिच्याशी नव्हे, समोरच्या भिंतीशी बोलल्यासारखे.

"भूपालच्या आधी तिघं होते. इकबाल होता, माझ्या बहिणीचा. त्याला मी सगळं दाखवलं, हे सोडून बाकी सगळं. सहा महिन्यांत सांगलीला गेला. शंकर लोहार गेला. तिसऱ्याचं तर नावबी आठवत न्हाई आता. जो शिकला, तो गेला. ईदेलाबी कुणी येत न्हाई." ते थांबले. "भूपाल यायचा. लग्न झालं, स्वतःचा लेथ घेतला, तरी यायचा. मशीन परत आलं की यायचा. बसायचा इथं, पायापाशी. विचारायचा, उस्ताद, काय चुकलं? मी म्हणायचो, बघू उद्या."

त्रिशलानं डोळे मिटून घेतले.

तिला ते दिवस आठवले. सकाळी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून भूपाल निघायचा. विचारलं की म्हणायचा, "उस्तादांनी बोलवलंय. आज सांगतील." संध्याकाळी परत यायचा. चेहऱ्यावर राग नसायचा. रागानं आला असता तर बरं झालं असतं. देवळातून आल्यासारखा यायचा.

तिला वाटलं होतं की खरं कळलं की ती या म्हाताऱ्यावर ओरडेल. काहीतरी फेकेल, हातोडा, पान्हा, जे हाताला येईल ते. वाटेत रिक्षात तिनं शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते. पण समोर बसलेल्या माणसाच्या मानेची शीर उडत होती, आणि त्याच्या दुकानात, आता तिच्या लक्षात आलं, दोन महिन्यांतल्या तिन्ही खेपांना तिच्या मशीनशिवाय एकही मशीन दिसलं नव्हतं. बाकावर धूळ होती. तिच्या पोत्यापुरती जागा तेवढी पुसलेली.

शब्द सगळे तोंडात होते. थुंकवेनात आणि गिळवेनात.

"रीमरचं माप घेऊ?" तिनं विचारलं.

उस्तादांनी रीमर तिच्यापुढं सरकवला.

तिनं पिशवीतून वही काढली, मायक्रोमीटर काढला. पुढची दांडी मोजली, दात मोजले, मागची दांडी मोजली. आकडे लिहिले. बाजूला पेन्सिलीनं आकृती काढली. दोन-तीन दिवसांचं काम होतं; लेथवर वळून घ्यायचं, दात कापायला नि कडक करायला हातकणंगल्याच्या एका कारखान्यात द्यायचं. तिला जमणार होतं. भूपालला तर दोन दिवसही लागले नसते.

लिहिता लिहिता एक थेंब वहीवर पडला. तिनं तो अंगठ्यानं पुसला. आकडा थोडा फिसकटला, तो तिनं पुन्हा नीट लिहिला.

"लोक म्हणायचे त्यांना हात नाही," ती म्हणाली. "तुमच्या कानावर आलं असेल."

"आलं."

"तुम्ही काय म्हणायचात?"

उस्तादांनी ओठ हलवले. पुन्हा मिटले.

त्रिशलानं वही मिटली. उत्तर मिळालं होतं.

ती रस्त्यावर जाऊन रिक्षा घेऊन आली. रिक्षावाला आणि ती, दोघांनी मिळून मशीनचं डोकं पोत्यात घातलं आणि मागच्या सीटवर चढवलं. उस्ताद मदतीला उठले होते, पण ते जवळ येईपर्यंत काम झालं होतं. ते नुसतेच पोत्याला हात लावून उभे राहिले.

तिनं वाकून नमस्कार केला नाही. तसं मनात ठरवलं नव्हतं. कंबर वाकली नाही, एवढंच.

"येते," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिलाच कळलं की हा शब्द खोटा आहे. ती आता इथं येणार नव्हती. यायचं कारण उरलं नव्हतं.

उस्तादांनाही ते कळलं असावं.

रिक्षा सुरू झाली. धुराचा लोट दुकानात शिरला. ते उंबरा उतरून रस्त्यात आले, एक हात रिक्षाच्या दांड्यावर ठेवला. रिक्षावाल्यानं मागं वळून बघितलं.

"काय, चाचा?"

बाबालाल शिकलगारांनी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. ते वाकून आत बघत होते, तिच्याकडं. दाढी थरथरत होती.

"अजून एक राहिलंय, पोरी," ते म्हणाले. "आज न्हाई... उद्या ये. उद्या सांगतो."